पिकण्याची वाट

"बघ, पू नाय झाला," असं म्हणत आईने उजव्या हाताचं पहिलं बोट माझ्या चहाच्या कपाजवळ आणलं. शाळेत प्रगतिपुस्तक दाखवताना माझा चेहरा व्हायचा, तसा आता तिचा झाला होता. शिंगाळ्याचा काटा त्या बोटात घुसला त्याला बरेच दिवस उलटले होते. शिंगाळा हा मासा विकायला घेतला की त्याचे काटे आधी कोयत्याने उडवायचे असतात. आई हे न बघताही करते, पण त्या दिवशी गिऱ्हाईक घाईत होतं. तिने रीतीप्रमाणे बोट सोसवेल तितक्या गरम पाण्यात बुडवून ठेवलं, आणि मग मी लॅबमधून आणून दिलेल्या साबणाने रोज सकाळ-संध्याकाळ धुतलं. बोट लाल होतं, ताणलेलं, काटा शिरला होता तिथे एक काळपट टिंब. मी हलकेच दाबलं. टणक. आई 'स्स' करून हसली. "ठनकतं. पन पू नाय. तुझा साबन लावते ना." माझा मोठा भाऊ निकेश दाराशी बूट घालत होता. "बाटल्या भरून बोर्डच लावू आता," तो म्हणाला. "मनस्वी मॅडमचा साबण. मॉडेल आपली बायजाबाई." "तू गप, डबा घे तुझा," आई म्हणाली, आणि तिचा आवाज मध्येच चिरकला. घसा बसला होता. बाबा गेल्यापासून घरात आम्ही तिघंच, आणि सकाळच्या चहाला असं एकमेकांना टोचून बोलणं हीच आमची प्रार्थना. मीही काहीतरी बोलायला हवं होतं. पण बोटाच्या त्या टणकपणावर माझं बोट अजून होतं आणि आत कुठेतरी पाऊल चुकल्यासारखं वाटत होतं. जिना संपलाय असं समजून आणखी एक पायरी उतरावी, तसं.

शिरवणे गावातल्या आमच्या गल्लीतून बाहेर पडून रिक्षात बसले तरी ते गेलं नाही. जे असतं ते दिसतं. सूज दिसते, लाली दिसते. जे असायला हवं होतं आणि नाही, ते कशाने दिसणार? काय नाही म्हणून मी अस्वस्थ होते? पू नाही, हे तर चांगलं. मीच तर आईला शिकवलं होतं, हात धू, घाण जाऊ देऊ नकोस, नाहीतर पिकेल. रिक्षा पुलाखालून गेली आणि एकदम माझ्या मानेवर, उजव्या कानाच्या खाली, जुना ठणका आठवला. मी लहान होते, शाळेला सुट्टी लागलेली, आणि मानेवर गळू आलं होतं. आमच्याकडे सगळे म्हणाले, आंबे खाल्ले. आई रोज संध्याकाळी कणीक, हळद आणि तेल शिजवून त्याचं पोटीस करायची आणि कापडाच्या पट्टीत गरम गरम बांधायची. मी ओरडायचे. "पिकू दे, मंग उतरेल," ती म्हणायची. ठणका कानात ऐकू यायचा, बंद दारावर कुणी मुठीने ठोकत राहावं तसा. मग एका सकाळी उशी ओली झाली. आईने कापसाने पुसलं, कापूस उजेडात धरून पाहिला, माशाचा कल्ला उघडून पाहते तसाच, आणि म्हणाली, "सुटली बाय." मला त्या वासाची इतकी शरम वाटली होती की मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पण ठोकणं थांबलं होतं. मान वळत होती. खिडकीतून समोरच्या घराचं छप्पर मला कितीतरी दिवसांनी दिसलं होतं. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं तेव्हा कळलं, मी स्वतःची मान चोळत बसले आहे.

सानपाड्याची आमची लॅब छोटी आहे, आणि सकाळी तिच्यात स्पिरिटचा आणि कुणाच्या तरी उदबत्तीचा मिळून एक वास असतो. लॅब चालवणाऱ्या नंदिनी मॅडमनी माझ्यासमोर एक नमुना ठेवला होता, कुणा अनोळखी माणसाच्या पाठीवरच्या गळवातला पू. पिवळा, किंचित हिरवट. हा हिरवटपणा सडल्याचा आहे असं लोकांना वाटतं. तो पांढऱ्या पेशींच्या पोटातल्याच एका द्रव्याचा रंग असतो, ज्याने त्या जंतूंना मारतात. काचेवर पातळ थर पसरला, वाळवला, रंग दिले, धुतला, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. हे काम मी इतक्यांदा करते की हात आपोआप चालतात, पण भिंग जुळून चित्र एकदम स्पष्ट होतं त्या क्षणी मला अजूनही कुणीतरी दार उघडल्यासारखं होतं. गुलाबी केंद्रकांची गर्दी. प्रत्येकाचे तीन-चार तुकडे, बारीक धाग्याने जोडलेले. आणि त्यांच्या आत, गिळलेले, जांभळे गोल जंतू द्राक्षांच्या घोसासारखे. कॉलेजात पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी किती वेळ डोळा हलवला नव्हता. पू म्हणजे घाण, हे मी जन्मापासून ऐकलेलं. आणि समोर होती न्यूट्रोफिलची, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींची, एक अख्खी पलटण, हाडांच्या पोकळीत जन्मलेली, रक्तातून वाहत आलेली. काटा कुठे शिरला याचा रासायनिक सुगावा लागला की त्या रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, अंग चिंचोळं करून फटीतून बाहेर पडतात, जंतू गिळतात आणि तिथेच मरतात. त्यांची प्रेतं, मेलेले-जिवंत जंतू, विरघळलेला आजूबाजूचा मांसल भाग, हे सगळं मिळून पू. शरीर त्याभोवती कुंपण घालतं, म्हणून गळू. ते वाढतं, कातडी पातळ होते, मध्ये मऊ पडतं. पिकतं. पिकलं की वाट मोकळी करून द्यायची, बस. डॉक्टरही तेच करतात. पू दिसला म्हणजे जंतू आत आलेत हे खरं, पण त्याहून मोठी बातमी त्यात अशी असते की त्यांना अडवायला कुणीतरी पोहोचलं आहे.

मी डोळा वर केला. आईच्या बोटात कुणी पोहोचलं नव्हतं.

एवढे दिवस. लाल, टणक, ठणकणारं, आणि कोरडं. साबण कातडीवरचं धुतो, खोल रुतलेल्या काट्याच्या वाटेने जे आत गेलं ते धूत नाही. मग आत काय चाललं होतं? आणि घसा. घशाकडे आम्ही कुणी लक्षच दिलं नव्हतं, कारण मासळी विकणाऱ्या बाईचा घसा बसतोच. आई दिवसभर ओरडते. घसा बसला की खडीसाखर तोंडात धरते आणि पुन्हा ओरडते. पण आईला थायरॉइडची गोळी सुरू करताना डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? मी तिच्याबरोबर गेले होते. आईचे हात थरथरायला लागले होते, सुरमईच्या तुकड्या वाकड्या पडायला लागल्या म्हणून ती स्वतःहून दवाखान्यात आली होती, छाती धडधडते, वजन उतरलं, हे सगळं नंतर निघालं. गोळीने थरथर थांबली. आई त्या गोळीच्या पाकिटाला नमस्कार करून ते फळीवर ठेवायची. आणि डॉक्टर म्हणाले होते की क्वचित, अगदी क्वचित, ही गोळी पांढऱ्या पेशी बनणं थांबवते. ताप आला, घसा दुखला, तर गोळी बंद करून लगेच रक्त तपासा. ताप मी विचारला होता. नव्हता. घसा दुखतो का, असं मात्र आमच्या घरात कुणी कुणाला विचारत नाही. "मॅडम," मी म्हणाले, "मी जरा बाजारात जाऊन येते." त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि नमुना स्वतःकडे ओढून घेतला.

बाजारात दुपारची ओल होती, बर्फाचं पाणी आणि खवले. आई एका सफारीवाल्या गृहस्थाला पापलेट दाखवत होती. कल्ला अंगठ्याने उचलून, आतला लालभडक रंग त्याच्या नाकाखाली धरून. दुखरं बोट ताठ, बाकीच्यांपासून वेगळं उभं. "आजचाच उतरलेला हाय," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "कालचा असला तर ये, तुझ्या हातानं मना परत कर." तो हसला आणि पिशवी उघडली. मी तिच्या कपाळाला हात लावला. गरम होतं. "उन्हात बसले मी," ती म्हणाली. "आई, ऊठ. रक्त तपासायचंय." "रक्त? आत्ता? भागीरथी, बघ गो, डॉक्टरीन आली आमची, बाजारात सुई मारायला." शेजारच्या टोपलीमागून भागीरथी काकी म्हणाल्या, "मार गो सुई, जिभेला मार, सकाळपासून गिऱ्हाईक पलवते माजं." दोघी हसल्या. आईला हसताना खोकला आला आणि तिने गिळलं तेव्हा डोळे मिटून घेतले. भागीरथी काकींचं हसू अर्ध्यात थांबलं. "बायजे," त्या म्हणाल्या, "जा तू. मी विकते तुझा. जा." आईने माझ्याकडे पाहिलं. ती गिऱ्हाइकाचा चेहरा वाचून भाव सांगणारी बाई आहे, तिने माझा वाचला असावा. तिने हात धुतले, साबणाने, मी सांगितलं होतं तसे.

लॅबमध्ये तिच्या दंडाला पट्टा बांधून मी रक्त घेतलं. रक्ताचा एक थेंब काचेवर ओढला, निळा-जांभळा रंग दिला. रक्ताच्या काचेवर न्यूट्रोफिल शोधाव्या लागत नाहीत. पांढऱ्या पेशींत सर्वांत जास्त त्याच असतात, जिथे भिंग लावाल तिथे एकतरी भेटते. मी काच सरकवली. तांबड्या पेशी, फिकट मध्याच्या, शांत. पुढे. एक लिम्फोसाइट, पांढऱ्या पेशींतली दुसरी जात, गोल, एकटी. पुढे. तांबड्या. पुढे. पुन्हा तीच गोल जात. मी ओळीने जात राहिले, शेत नांगरल्यासारखी, या टोकापासून त्या टोकाला. सुट्टीच्या दिवशी औद्योगिक वसाहतीतून चालत जावं तसं, रस्ते आहेत, दिवे आहेत, शेड आहेत, आणि माणूस नाही. पडद्यापलीकडे आई बाकावर बसली होती आणि नंदिनी मॅडमना विचारत होती, मुलगी कामात बरी हाय ना, उशिरा येत नाय ना. मॅडमनी माझ्या जागी बसून बराच वेळ पाहिलं. मग उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि नेरूळच्या हॉस्पिटलला स्वतः फोन लावला.

डॉक्टर क्षिप्रा वयाने माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात. त्या भराभर बोलत, पण काही लपवत नसत. "गोळी आजपासून बंद. शिरेतून अँटिबायोटिक्स, आणि जिथे पांढऱ्या पेशी बनतात त्या हाडांतल्या मज्जेला जागं करायची इंजेक्शनं. मज्जा बहुतेक वेळा परत सुरू होते. तोवर जंतूंना आपण रोखून धरायचं. नाही जमलं, तर," त्यांनी फाइल मिटली, "जिवावर बेतू शकतं. हे मी तुम्हाला स्पष्टच सांगते." निकेश माझ्या शेजारी हेल्मेट हातात धरून उभा होता. कॉरिडॉरमध्ये आल्यावर तो म्हणाला, "पण पू नाहीये ना. पू नाही म्हणजे इन्फेक्शन कमी, असं ना?" मी म्हणाले, "दादा, चोर घरात शिरलाय आणि आळीत आरडाओरडा करायला कुणी जागं नाही, म्हणून शांत आहे." तो हेल्मेटच्या काचेवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "सकाळी मी जोक मारला होता." "रोजच मारतोस," मी म्हणाले. "मारत जा."

आईला वेगळ्या खोलीत ठेवलं. आम्ही मास्क लावून, हात धुऊन, एकेकट्याने जायचं. कच्चं काही नाही, फुलं नाहीत. बोटाची लाली पंजावर चढली, मग मनगटापर्यंत. नर्सने पेनाने तिची सीमा आखली आणि लाली ती ओलांडून गेली. नवी रेघ. ताप चढायचा तेव्हा आई बाजारात असायची. भाव सांगायची, कुणाला तरी वाट दे म्हणायची. तिच्याजवळ बसून मी तिच्या मांडीच्या, बरगड्यांच्या, कमरेच्या हाडांचा विचार करायचे. ज्या हाडांवर डोकं ठेवून मी झोपले त्यांच्या आत एक कारखाना आहे, हे लहानपणी कुणी सांगितलं असतं तर मी कान लावून ऐकलं असतं. आता मनातल्या मनात तेच करत होते. काही हलतंय का आत? मला विज्ञान शिकताना एक गोष्ट फार आवडली होती, की मला काय वाटतं याच्याशी पेशींना काही देणंघेणं नाही. तो स्वच्छपणा वाटायचा. आता त्याच गोष्टीसमोर मी रिकाम्या हातांनी बसले होते, आणि तरीही, गंमत म्हणजे, तिच्यातच थोडा आधार होता. मज्जा रुसलेली नव्हती, नशीब फिरलं नव्हतं. एका गोळीने एक काम थांबवलं होतं, गोळी थांबली होती, काम सुरू होऊ शकत होतं. "हात परत थरथरतील आता," आई एकदा शुद्धीत असताना म्हणाली. "गोळी बंद केली ना." डॉक्टर म्हणाल्या होत्या, थायरॉइडला दुसरे उपाय आहेत, हे ओसरलं की बघू. मी ते तिला सांगितलं. तिने ऐकलं, सुजलेल्या हाताकडे पाहिलं. "वाकडी तुकडी कोन घेनार," ती म्हणाली. "मी घेईन," मी म्हणाले. "तू? तू कदी पैशे दिलेस मासलीचे?" तिने तोंड फिरवलं, पण वळता वळता तिच्या डोळ्यांत थोडी आई दिसली.

रोज रक्त जात होतं आणि रोज उत्तर तेच येत होतं. मग एका दिवशी डॉक्टर क्षिप्रा जाता जाता म्हणाल्या, "आज एखाद-दुसरी पेशी दिसतेय, पण अजून धरून चालू नका." मी आशा करायचं टाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी निकेशचा फोन आला. तो आईच्या खोलीत होता. "मनू, लवकर ये. वाढलंय. बोटाला पू झालाय गं, पिवळा, सगळं मऊ पडलंय. आई लपवत होती चादरीखाली." मी लॅबच्या बाहेर उभी होते. समोर रस्त्याच्या कडेला शेवरीच्या झाडाखाली एक माणूस नारळ सोलत होता. मला तो नारळ इतका स्पष्ट दिसला, त्याचा पांढरा माथा, कोयत्याच्या पात्यावरचं पाणी. मी म्हणाले, "पिवळा? नक्की?" "वेडी झालीस का? हो, पिवळा!" आणि मी रस्त्यात हसायला लागले, इतकी की नारळवाल्याने कोयता खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.

खोलीत शिरले तेव्हा आई माझ्याकडे बघेना. "रोज धुतात हितं," ती पुटपुटली. "तरी पन झाला." तिला वाटत होतं, माझ्यासमोर ती नापास झाली. मी तिचा हात चादरीखालून काढला. बोटाच्या पेराच्या बाजूला, ताणून चमकणाऱ्या कातडीखाली, तो होता. पिवळा, गढूळ, भरलेला. मी हातमोज्याच्या बोटाने कडेला टेकवलं. आत लाट सरकल्यासारखं झालं. मला माझ्या मानेवरचं पोटीस आठवलं, ओली उशी, उजेडात धरलेला कापूस. "आई," मी म्हणाले, "पिकलं." तिने मान वळवली. "पिकलं म्हंजे?" "म्हणजे तुझ्या हाडांनी माणसं पाठवली." "काय बोलते ती?" आईने दाराबाहेर जाऊन उभ्या राहिलेल्या निकेशला विचारलं. तो डॉक्टरांना बोलवायला वळला. डॉक्टर क्षिप्रा आल्या, पाहिलं, आणि मास्कच्या आत त्यांचे गाल वर गेले. "पू बघून पेशंटच्या घरचे हसतायत असं मी पहिल्यांदाच बघतेय," त्या म्हणाल्या. बोट बधिर करून त्यांनी छोटासा छेद दिला. पू आला, मग थोडं रक्त, मग काट्याचं एक बारीक करवती टोक, जे इतके दिवस आत बसून होतं. आईने ते ट्रेमध्ये पाहिलं. "शिंगाल्याचाच," ती म्हणाली, जुन्या ओळखीचा माणूस भेटल्यासारखी. तपासणीचा नमुना हॉस्पिटलने ठेवून घेतला, पण मी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी मला एक काच करू दिली.

ती काच डबीत घालून मी सानपाड्याला आणली, रंगवली, ठेवली. मग चित्र जुळलं. गर्दी. गुलाबी केंद्रकं एकमेकांना खेटून, काही फुटलेली, काही जंतू गिळून फुगलेली, काही नुसतीच विखुरलेली धूळ. आणि मधूनमधून काही अशा, ज्यांचं केंद्रक अजून तुटलेलंही नव्हतं, नालासारखं नुसतं वाकलेलं. पुरती वाढ व्हायच्या आत घाईने धाडलेल्या कोवळ्या पेशी. मज्जा जागी झाली होती, आणि तयार मालासाठी थांबली नव्हती. मी नंदिनी मॅडमना बोलावलं नाही लगेच. थोडा वेळ एकटीच बघत बसले. मग आईला फोन लावला. ताप उतरल्यासारखा तिचा आवाज होता, बसलेलाच, पण तिचा. "दिसले का गो ते तुझे?" तिने विचारलं. "दिसले." मागे कुठेतरी निकेश काहीतरी सांगत होता, ती त्याला गप करत होती. मग तिने तोच प्रश्न विचारला जो ती कुठल्याही मालाबद्दल विचारते, "ताजे हायत का?" त्यातले बहुतेक मेलेले होते, हे खरं. पूमध्ये तसंच असतं, आणि मला नेमकं बोलायची सवय आहे. मी पुन्हा भिंगाला डोळा लावला, कडेला उभ्या असलेल्या एका कोवळ्या पेशीवर, तिच्या नालाच्या वाकावर.

"ताजे," मी म्हणाले. "आजचेच उतरलेले."